पोरकट कोण?

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, आमच्या घरात कडाक्याचे भांडण झाले. इस्टेटीवरून नव्हे, मानपानावरूनही नव्हे. झाले ते एका अमेरिकन चित्रपटावरून. फराळाची ताटे नुकतीच उठली होती. माझ्या पंधरा वर्षांच्या पुतणीने टेलिव्हिजनवर एक जुना इंग्रजी विनोदी चित्रपट लावला आणि आम्ही सारी मंडळी चिवड्याचे बकाणे भरीत तो पाहू लागलो. अर्ध्या तासाने मोठे भाऊजी उठून उभे राहिले. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेला माणूस. म्हणाले, "हा काय पोरकटपणा! एवढे मोठे प्रकरण, एका राष्ट्राचा अध्यक्ष गादीवरून उतरला, आणि त्यात ह्या दोन पोरी नाचवल्या आहेत! मुलांना असे दाखवायचे, आणि मग त्यांना मोठ्यांचा आदर राहत नाही म्हणून तुम्हीच शाळेत ओरडायचे. काय मास्तरीणबाई?"

मी मॅट्रिक झालेली बाई. सातवीच्या वर्गाला मराठी शिकवते आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिते. राजकारणातले मला भाऊजींपेक्षा जास्त कळते असा माझा दावा नाही. पण 'पोरकट' हा शब्द आमच्या धंद्यातला आहे; तो कोणी कुठेही वापरला की माझे कान टवकारतात. त्या दिवशी माझे बोलणे अर्धवट राहिले, कारण चहा आला. ते आज पुरे करते.

चित्रपट १९९९ सालचा. नाव 'डिक'. रिचर्ड नावाच्या माणसाला तिकडे लाडाने डिक म्हणतात, आणि हे रिचर्ड म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन. त्या शब्दाला रस्त्यावरच्या इंग्रजीत दुसराही एक अर्थ आहे. सणाच्या अंकात त्याचा उलगडा नको. दिग्दर्शक अँड्र्यू फ्लेमिंग. कर्स्टन डन्स्ट आणि मिशेल विल्यम्स या त्यातल्या दोन मैत्रिणी, बेट्सी आणि आर्लीन. काळ १९७२ चा. आर्लीन वॉशिंग्टनच्या वॉटरगेट नावाच्या इमारतीत आईबरोबर राहते. एका गाणाऱ्या नटावर तिचा जीव जडलेला. त्याच्याबरोबर एक दिवस घालवायला मिळेल अशी स्पर्धा असते, तिचे पत्र पेटीत टाकायला या दोघी रात्री गुपचूप खाली उतरतात आणि परत येताना दार बंद होऊन बसू नये म्हणून कुलपाच्या जिभेवर चिकटपट्टी लावतात. ती पट्टी पहारेकऱ्याला दिसते, तो पोलीस बोलावतो, आणि त्याच इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेले चोर सापडतात!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सहलीत व्हाइट हाउस पाहताना या पोरींना तिथे आदल्या रात्रीचाच माणूस दिसतो. अध्यक्षांच्या माणसांना धास्ती पडते, की यांना काय काय कळले आहे? कळलेले काहीच नसते. पण त्यांची तोंडे बंद राहावीत म्हणून अध्यक्ष त्यांना आपल्या कुत्र्याला फिरवून आणण्याचे सरकारी काम देतात. पोरी हुरळून जातात. आर्लीन भिंतीवरचा नट काढून तिथे चक्क निक्सन लावते! घरून बिस्किटे भाजून नेतात. त्यांत बेट्सीच्या भावाने दडवलेली गांजाची पाने नकळत पडलेली असतात, आणि ती खाऊन निक्सन आणि रशियाचे ब्रेझनेव गळ्यात गळे घालतात. हे असे सारे.

आता भाऊजींचा पहिला आक्षेप घेऊ. गंभीर इतिहासाचा हा पोरखेळ केला, असे त्यांचे म्हणणे. मी विचारते, मूळ इतिहास काय होता? १७ जून १९७२ च्या रात्री पाच प्रौढ पुरुष, अंगात कोट, हातात रबरी मोजे, टेलिफोनमधले बोलणे चोरून ऐकण्याची यंत्रे घेऊन विरोधकांच्या कचेरीत शिरले. दाराला चिकटपट्टी लावली ती खरोखर त्यांनीच. पहारेकऱ्याने ती काढून टाकली, तर शहाण्यांनी परत लावली! वर्गातला ढ मुलगासुद्धा एकदा पकडला गेल्यावर त्याच वहीतून पुन्हा नक्कल करीत नाही. आणि हा उपद्व्याप कशासाठी? त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या निवडणुकीत निक्सन पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकले. ज्याला पेपर सोडवता येत होता त्याच्यासाठी कॉपी केली गेली, आणि मग ती लपवण्यासाठी दोन वर्षे खोटे बोलणे आले.

पुढचा प्रकार तर याहून गमतीचा. आपल्या दालनातले प्रत्येक बोलणे आपोआप ध्वनिमुद्रित व्हावे अशी यंत्रे निक्सन यांनी स्वतःच १९७१ साली बसवून घेतली होती. १६ जुलै १९७३ रोजी त्यांच्याच कचेरीतल्या अलेक्झांडर बटरफील्ड यांनी चौकशी समितीपुढे हे सांगितले तेव्हा सारा देश चकित झाला. फिती मागितल्या गेल्या. त्यांतल्या एका फितीवर, चोर पकडल्यानंतर तिसऱ्या दिवशीच्या संभाषणात, साडेअठरा मिनिटे नुसती घरघर! अध्यक्षांच्या चिटणीस बाईंनी सांगितले, की टेलिफोन घेताना माझा पाय चुकून पेडलवर राहिला, त्यात पाचेक मिनिटे पुसली गेली असतील. तज्ज्ञांनी तपासून सांगितले, की हे पुसणे किमान पाच वेळा झालेले आहे. 'बाई, गृहपाठ केला होता, पण वहीवर शाई सांडली,' असे मला दर सोमवारी कोणी ना कोणी सांगते. जगातल्या सर्वांत बलाढ्य कचेरीतून त्याहून बरी सबब निघाली नाही.

चित्रपट म्हणतो, त्या साडेअठरा मिनिटांत आर्लीनचा निक्सन यांना उद्देशून प्रेमसंदेश होता, एका गाण्यासह. ही थाप आहे, हे उघड आहे. पण खऱ्या सबबीशेजारी ती ठेवून पाहा. दोहोंतली कोणती अधिक पोरकट, हे वाचकांनीच सांगावे. एरवी ज्याला आपण विडंबन म्हणतो त्यात मूळ वस्तू वाढवून सांगतात. इथे वाढवायला जागाच फार थोडी होती.

दुसरा आक्षेप मोठा आहे. मुलांना राजकारणात ओढू नये, त्यांना काय कळते! हे मी शाळेत, सभेत, सासरी, माहेरी, सगळीकडे ऐकले आहे. मी उलट विचारते, त्यांना राजकारणात आधी ओढतो कोण? २३ सप्टेंबर १९५२ रोजी हेच निक्सन उपाध्यक्षपदाचे उमेदवार असताना, पाठीराख्यांनी दिलेल्या एका निधीवरून अडचणीत आले. तेव्हा ते टेलिव्हिजनपुढे बसले आणि म्हणाले, की मला भेट म्हणून एक कुत्रे आले आहे, माझ्या सहा वर्षांच्या लेकीने त्याचे नाव चेकर्स ठेवले आहे, मुलींचा त्याच्यावर जीव आहे, लोक काहीही म्हणोत, ते आम्ही परत करणार नाही. देश पाघळला. उमेदवारी वाचली. मुलगी आणि कुत्रे पुढे करून मते मिळवायला त्या वेळी कोणाची हरकत नव्हती!

आपल्याकडे तरी निराळे काय? पाहुणे यायचे म्हणून मुलांना रणरणत्या उन्हात दोन दोन तास दुतर्फा उभे करतो ते आपणच. हातांत फुले देतो, ठरलेल्या घोषणा पाठ करून घेतो. तेव्हा मुले लहान नसतात. टाळ्या वाजवायला ती पुरेशी मोठी असतात. प्रश्न विचारला की एकदम लहान होतात.

चित्रपटाने इथेच नेमका चिमटा काढला आहे. खरा चेकर्स १९६४ सालीच मेला होता. निक्सन अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्याकडे दुसरेच कुत्रे होते. पण चित्रपटात मुद्दाम चेकर्सच आहे. आर्लीन फीत ऐकते तेव्हा तिचा देव तिला कळतो. तो शिव्या देतो, माणसांच्या जातीधर्माबद्दल घाण बोलतो आणि कुत्र्याला लाथ मारतो. ती सरळ जाऊन त्याला हे तोंडावर सांगते. घटनेचे कलम तिला ठाऊक नाही, महाभियोग म्हणजे काय ते ठाऊक नाही. कुत्र्याला लाथ मारणारा माणूस चांगला नसतो एवढेच तिला ठाऊक आहे.

हे माप उथळ आहे काय? १९७४ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस निक्सन यांनी संभाषणांच्या बाराशेहून अधिक पानांच्या नकला प्रसिद्ध केल्या. त्यांत जागोजाग 'अपशब्द वगळला' अशी टीप होती. कायद्याचा कीस वकिलांनी काढला, पण देवाला भिऊन वागणारी साधी कुटुंबे त्या टीपेनेच हादरली. आपल्या घरात ज्याची तसबीर आहे तो बंद दाराआड असा बोलतो! त्याच वर्षी २४ जुलैला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उरलेल्या फिती देण्यास फर्मावले, आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. आपल्यालाही त्या फितींशी कर्तव्य आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधी निक्सन यांना भेटून आल्या. त्या भेटीच्या सुमारास निक्सन आणि किसिंजर त्यांच्याबद्दल आणि भारतीयांबद्दल जे बोलले ते २००५ साली उघड झाले. ते शब्द मी लिहीत नाही. समोर मानाने बसवायचे आणि पाठीमागे शिवी द्यायची. पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास माणसे जीव घेऊन आपल्याकडे आली होती, त्या वेळची ही भाषा. तोंडातली शिवी आणि हातून घडणारी करणी यांचे काही नाते असते, हे त्या वेड्या पोरीने ओळखले. बड्या मुत्सद्द्यांनी मात्र 'राजकारणात हे असायचेच' म्हणून सोडून दिले.

आणि आपण कोणत्या तोंडाने म्हणतो, की मुलांनी राजाला हसू नये? उंदराच्या टोपीची गोष्ट आपल्यापैकी कोणी ऐकली नाही? चिंधी सापडते, उंदीर ती धुऊन घेतो, शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो, आणि राजवाड्यापुढे ढोलके बडवतो. राजा टोपी काढून घेतो तर उंदीर त्याला भिकारी ठरवतो. राजा टोपी फेकून देतो तर उंदीर म्हणतो, मला भ्याला! मांडीवरच्या नातवाला आजी ही गोष्ट सांगते आणि दोघेही खळखळून हसतात. आमच्या तमाशाच्या वगातला राजा कधी शहाणा असतो काय? 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये दादा कोंडके यांनी हवालदार होऊन राजदरबाराची जी फटफजिती केली तिला घरंदाज माणसे तिकिटे काढून गेली. राजाला हसणे आपल्याकडे परकीय नाही. हसू सहन न होणारे राज्यकर्तेही आपल्याकडे होऊन गेले. अमृत नाहटा यांच्या 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीत नष्ट करण्यात आल्या. बंदूक दिसली म्हणून कोणी इतके घाबरले नसते.

आता भाऊजींना न सांगितलेली गोष्ट. ती सांगताना मला आनंद नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी स्नेहसंमेलनासाठी स्वतः एक नाटुकले लिहिले. आमच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. म्हणजे प्रत्यक्षात नव्हते. छापील अहवालात ते बांधून झाले होते, खर्चासकट. कुणाच्या तरी घरी रद्दीत तो अहवाल या पोरींना सापडला. नाटुकले असे होते, की दोन मुली नकाशा घेऊन गुप्तधन शोधावे तसे ते स्वच्छतागृह शोधत हिंडतात. शिपाई म्हणतो, कारकुनाला विचारा. कारकून म्हणतो, फाइलीत आहे. शेवटी फाइल सापडते, मोठी थोरली, पुठ्ठ्याची. एक मुलगी ती उभी उघडून धरते आणि दुसरी गंभीर चेहऱ्याने तिच्या आड जाते. तालमीत मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

संमेलनाला येणारे पाहुणे त्याच बांधकामाशी संबंधित होते. वरून निरोप आला. मी दोघींना बोलावले आणि म्हटले, "कार्यक्रम फार लांबतो आहे गं, वेळ नाही. तुमचे पुढच्या वर्षी घेऊ." थोरलीने पुठ्ठ्याची फाइल टेबलावर ठेवली आणि विचारले, "बाई, आमचं लांबतंय, की...?" पुढचे ती बोलली नाही. बाईंना लाज वाटेल म्हणून बोलली नाही. तेरा वर्षांच्या मुलीने मला सांभाळून घेतले. त्या जागी कोळीनृत्य झाले, पाहुण्यांनी बक्षीस दिले, मीही टाळ्या वाजवल्या.

त्या मुली सकाळी घरून निघाल्यापासून शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नसत. उन्हाळ्यातसुद्धा. का पीत नाहीत ते मला माहीत होते. स्वच्छतागृह पुढे चार वर्षांनी झाले. तोवर त्या दोघी शाळेतून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी घेऊ म्हटलेले नाटुकले मी घेतलेच नाही. म्हणून 'मुलांना काय कळते' हे वाक्य कोणी उच्चारले की मला त्या पुठ्ठ्याच्या फाइलीची आठवण होते. मुलांना कळत होते. मलाही कळत होते. फरक एवढाच, की त्यांनी ते लिहिले आणि मी वेळ नसल्याची थाप मारली. त्या दिवशी आमच्या शाळेत पोरकट वागली ती एकटी मीच.

इतका कैवार घेतल्यावर चित्रपट निर्दोष आहे असे कोणी समजू नये. गांजाच्या बिस्किटांचा विनोद मला रुचला नाही. घराघरांतल्या आयांना तो रुचणार नाही. लहानग्यांसाठी तो नव्हेच. तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांनी जपावे असा शिक्का तिकडेही त्यावर होता. तिकीटबारीवर तो पडला. वार्ताहरांची त्यात केलेली टवाळी मात्र मला आवडली. वुडवर्ड आणि बर्नस्टीन या ज्या जोडीला १९७६ च्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' मध्ये धीरोदात्त नायक केले होते, ते इथे आरशापुढचे दोन तुरेबाज कोंबडे आहेत. त्यांना गुप्त बातम्या पुरवणारा माणूस कोण, याचे कोडे तेव्हा सुटलेले नव्हते. चित्रपटाने ते या दोन पोरींवर ढकलून दिले. पुढे २००५ साली मार्क फेल्ट या केंद्रीय तपास खात्याच्या माजी वरिष्ठ अधिकाऱ्याने तो मीच असे जाहीर केले आणि ती गंमत संपली.

माझे खरे भांडण निराळेच आहे. ती चिकटपट्टी पाहणारा पहारेकरी चित्रपटात क्षणभर येतो आणि जातो. त्याचे नाव फ्रँक विल्स. वय चोवीस, काळा तरुण, रात्रपाळी, पगार आठवड्याला ऐंशी डॉलरच्या आसपास. दुसऱ्यांदा पट्टी दिसल्यावर 'जाऊ दे, आपल्याला काय करायचे' असे तो म्हणाला नाही. त्याने पोलिसांना टेलिफोन केला. पुढे १९७६ च्या चित्रपटात तो स्वतःच्याच भूमिकेत घटकाभर दिसला. पण त्याला धड नोकरी टिकली नाही. १९८३ साली दुकानातून बुटांचा जोड चोरल्याबद्दल त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. २००० साली, बावन्नाव्या वर्षी, तो गरिबीत मेला. निक्सन यांना मात्र ८ सप्टेंबर १९७४ रोजी, राजीनाम्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, नव्या अध्यक्षांनी सरसकट माफी देऊन टाकली होती. बुटांच्या जोडाला शिक्षा आणि राज्य लुबाडू पाहणाऱ्याला माफी, हा विनोद 'डिक' च्या लेखकांना सुचला नाही. त्यांना जे सुचले ते हसवण्याजोगे होते. हे हसवण्याजोगे नाही. म्हणूनच ते दाखवायला हवे होते. पोरींच्या हाती पट्टी देताना त्यांनी ती एका गरीब माणसाच्या हातून नकळत काढून घेतली.

तरीही माझ्या पुतणीला तो माणूस कळला तो या पोरकट चित्रपटामुळेच. पाहून झाल्यावर तिने विचारले, "काकू, खरी पट्टी कोणी बघितली?" आम्ही दोघींनी मिळून शोधले. ओट्यावर बसून तिने मला फ्रँक विल्सची हकीकत वाचून दाखवली. भाऊजी आत पडल्या पडल्या ऐकत असावेत, कारण मध्येच त्यांनी विचारले, "बुटांचा जोड? कितीचा?"

यंदा डिसेंबरात आमचे संमेलन आहे. सातवीच्या मुलांनी मध्यान्ह भोजनाच्या खिचडीवर काहीतरी लिहायला घेतले आहे. त्यात तराजूला बोलायचे काम आहे, असे कानावर आले. मी अजून वाचलेले नाही. वेळ किती लागेल हेही विचारलेले नाही. पाहुणे कोण येणार तेही अद्याप ठरायचे आहे. ते कोणीही ठरले तरी खिचडी कार्यक्रमात राहील, एवढे मी मुलांना सांगून ठेवले आहे. ती पुठ्ठ्याची फाइल माझ्या कपाटात आहे. लागली तर तीही देईन.